मिठाचे धुके आणि थांबलेले तास



सायकलीच्या तारा, मोटारीचे बोल्ट यांवर जस्ताचा मुलामा असतो. तो नीट बसला आहे की नाही हे पाहण्यासाठी कारखान्यात एक पेटी असते. तीत शेकडा पाच भाग मीठ असलेल्या पाण्याचे धुके ३५ अंश सेल्सिअस उष्णतेत अहोरात्र सोडतात. कामगार तिला ‘सॉल्ट स्प्रे’ म्हणतात. ९६ तास, २४० तास, कधी हजार तास नमुने तीत राहतात. आधी दिसतो तो पांढरा गंज जस्ताचा. मागाहून तांबडा दिसला, की मुलामा संपून लोखंड उघडे पडले असे समजावे. १९३९ साली अमेरिकेत ‘बी ११७’ या मानकाने ही रीत बांधून दिली.

आता ही परीक्षा मध्येच थांबली तर? वीज जाते, तोटी मिठाने चोंदते, कॉम्प्रेसर बंद पडतो. पुष्कळजण म्हणतात, बुडालेले तास शेवटी भरून द्या, म्हणजे झाले. हा हिशेब घड्याळाचा झाला, धातूचा नव्हे. धुके थांबले तरी नमुन्यावरचे खारे पाणी तिथेच असते. ते आटू लागले की अधिक खारट होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड जस्ताशी मिळून निराळाच थर धरतो, आणि तो पुढची झीज काही काळ रोखूही शकतो. गंजण्याचे काम थांबत नाही, त्याची तऱ्हा बदलते. म्हणून खंड पडलेल्या नमुन्याचा निकाल अखंड नमुन्याच्या शेजारी मांडता येत नाही.

नमुने पाहणे, पाणी भरणे यांसाठी रोज थोडा वेळ पेटी उघडण्यास मानकाची मुभा आहे. याखेरीज खंड पडला, तर त्याचे कारण आणि अवधी नोंदलाच पाहिजे. झाकण मिटलेले ठेवावे, धुके थांबल्याची व सुरू झाल्याची वेळ लिहावी, ते तास परीक्षेत धरू नयेत आणि माल घेणाऱ्यास कळवावे. खंड मोठा असेल तर त्याच मालातील नवे नमुने घेऊन पुन्हा आरंभ करावा.

तुम्ही म्हणाल, यात युनियनचा काय संबंध? एका कारखान्यातला माल गंजून परत आला, तेव्हा नोटीस मिळाली ती रात्रपाळीच्या पोराला. वीज गेली होती. पण “वहीत लिहू नकोस, माल उद्या जायचा आहे” असे त्याला वरूनच बजावलेले. चौकशीत वही अखंड निघाली आणि दोष त्याच्या माथी आला. तेव्हापासून आमची मागणी एवढीच आहे: वहीत खंडाचा वेगळा रकाना असावा, आणि त्यावर पाळीच्या सुपरवायझरची सही असावी. यात मालकाचे काही जात नाही. कामगाराची भाकरी मात्र वाचते. आणि ज्याच्या गाडीत तो बोल्ट बसणार, त्याचीही फसवणूक टळते.