अंतःस्रावाची उणीव आणि खांद्यावरील लेप

गेलेलें तारुण्य परत आणून देण्याचें अभिवचन देणाऱ्या जाहिराती महाराष्ट्रांत सर्वत्र आढळतात. वैनगंगेच्या कांठचा धानाचा भंडारा जिल्हाही त्यास अपवाद नाहीं. या आशेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८८९ सालीं ब्राऊन-सेकार या शरीरशास्त्रज्ञानें वयाच्या ७२ व्या वर्षीं प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून घेतला व शक्ति परतल्याचें जाहीर केलें. परंतु त्या अर्कांत गुणकारी द्रव्य जवळजवळ नव्हतेंच. परतला होता तो केवळ विश्वास! खरें द्रव्य, म्हणजे टेस्टॉस्टेरॉन, १९३५ सालीं ॲम्स्टरडॅम येथें बैलांच्या वृषणांतून शुद्ध स्वरूपांत हातीं आलें, आणि त्याच वर्षीं बुटेनांट व रुझिका यांनीं तें प्रयोगशाळेंत बनविलें.

हें द्रव्य पोटांत घेतल्यास त्याचा बहुतेक भाग यकृतांतच नाश पावतो. म्हणून प्रथम सुई आली, व पुढें त्वचेवर चोळावयाचा जेल आला. अमेरिकेंत त्यास २००० सालीं मान्यता मिळाली. त्याच्या ५ ग्रॅमच्या पुडींत ५० मिलिग्रॅम औषध असतें. त्यांपैकीं सुमारें दशांशच दिवसभरांत हळूहळू रक्तांत उतरतें. निरोगी शरीर रोज जेवढें निर्माण करतें त्याच्या जवळपासच हें प्रमाण आहे.

मात्र हा लेप म्हणजे पुष्टीचें रसायन नव्हे. जन्मजात दोष, गालगुंडामुळें वृषणांस आलेली सूज किंवा मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूष ग्रंथीचा विकार, अशा कारणांनीं ज्याच्या शरीरांत खरोखरच उणीव झाली आहे, त्याच्यासाठीं तो आहे. केवळ थकवा हा पुरावा नव्हे. मधुमेह, स्थूलता, अपुरी झोंप यांनींही माणूस गळून जातो. लक्षणें असतील तर दोन निरनिराळ्या दिवशीं, सकाळींच, रक्ताची परीक्षा करावी लागते; कारण या द्रव्याचें प्रमाण सकाळीं सर्वांत अधिक असतें.

भंडाऱ्यास या विषयाची एक विशेष बाजू आहे. पूर्व विदर्भांत सिकलसेलचा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. या आजारानें ग्रासलेल्या मुलांस तारुण्य उशिरा येतें, व कांहीं पुरुषांत टेस्टॉस्टेरॉन कमी असतें. अशा तरुणाची लाज बाळगून त्यास जाहिरातवाल्याकडे धाडणें हा अन्याय होय. परंतु या औषधानें रक्त दाट होऊं शकतें. म्हणून आजाराची माहिती असलेल्या डॉक्टरांवांचून त्यानें तें घेऊंच नये.

आणखी दोन गोष्टी घरांतील सर्वांनीं ध्यानांत ठेवाव्या. पहिली मुलांविषयीं. लेप लावलेल्या खांद्याचा किंवा हाताचा स्पर्श बालकास झाल्यास औषध त्याच्याही अंगांत जातें व त्यास अकालीं तारुण्याचीं चिन्हें दिसूं लागतात. याच कारणानें अमेरिकेच्या औषधखात्यानें २००९ सालीं कडक इशारा दिला. लेप लावतांच हात साबणानें धुवावे, तो वाळूं द्यावा, वर सदरा घालावा, आणि मगच नातवास उचलून घ्यावें. तसेंच त्यांत मद्यार्क असतो, तेव्हां ओला असतां चूल किंवा विडी यांपासून दूर राहावें. दुसरी गोष्ट अपत्याविषयीं. बाहेरून द्रव्य मिळूं लागतांच पीयूष ग्रंथि आपला संदेश थांबविते व शुक्रजंतूंची उत्पत्ति मंदावते. पौरुष वाढावें म्हणून घेतलेलें औषध अशा प्रकारें पितृत्वच दुरावतें! संतति हवी असलेल्या तरुणानें हें आधींच डॉक्टरांस सांगावें.

हृदयाविषयींची भीति पुष्कळ वर्षें होती. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या, पांच हजारांहून अधिक पुरुषांवरील प्रयोगांत हृदयविकाराचे झटके वाढल्याचें आढळलें नाहीं. तथापि हृदयाची अनियमित गति व फुप्फुसांतील रक्ताच्या गुठळ्या किंचित् अधिक आढळल्या. म्हणून ठराविक काळानें रक्त व प्रोस्टेट ग्रंथि तपासणें अवश्य आहे. त्या ग्रंथीचा कर्करोग असणाऱ्यास तर हें औषध सामान्यतः वर्ज्यच होय.

वार्धक्य हा रोग नव्हे, आणि उणीव हा अपराध नव्हे. या दोहोंतला भेद जाहिरातीवरून कळत नाहीं. तो रक्तपरीक्षेनें व डॉक्टरांशीं मोकळेपणानें बोलण्यानेंच कळतो.