बेटावरचा बेत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला आज ‘लहानशी सहल कशी आखावी’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. आपल्या मंडळात पाककृती, आरोग्य, बचत, मुलांचे संगोपन या विषयांवर पुष्कळ भाषणे झाली; विश्रांतीवर मात्र एकही झाल्याचे मला आठवत नाही. याचे कारण उघड आहे. विश्रांती ही आखण्याची गोष्ट आहे असे आपण मानीतच नाही. काम संपले की ती आपोआप मिळेल, अशी आपली समजूत असते. आणि घरातले काम संपलेले तर आजवर कोणी पाहिलेले नाही.

आता आपल्या नेहमीच्या सहली आठवून पाहा. चार दिवसांत अकरा ठिकाणे. निघण्याच्या आदल्या रात्री दशम्या, चटणी, चिवडा. गाडीत याला गोळी, त्याला पाणी, तिसऱ्याला स्वेटर. मुक्कामावर ओले टॉवेल वाळत घालायचे, सकाळी सगळ्यांना उठवायचे, आणि परतल्यावर धुण्याचा डोंगर आपली वाट पाहत असायचा. घरची मंडळी हवापालट करून येतात. बाई मात्र घरचेच काम परगावी करून येते. तेव्हा मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, विसाव्यासाठी जायचे असेल तर बेत विसाव्याचाच करावा, आणि त्यात घरच्या बाईचा वाटा आधी मोजून बाजूला काढावा.

नुसते तत्त्व सांगून भागत नाही, म्हणून एक उदाहरण घेते. अंदमानात शहीद द्वीप नावाचे एक लहानसे बेट आहे. मागल्या डिसेंबरात आम्ही चौघीजणी, म्हणजे मी, माझी धाकटी जाऊ आणि मंडळातल्या दोघी, तिथे दोन रात्री राहून आलो. पूर्वी याला नील बेट म्हणत. नेताजी सुभाषचंद्रांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी अंदमानात तिरंगा फडकवला आणि या बेटांना ‘शहीद’ व ‘स्वराज’ अशी नावे दिली, त्याची आठवण म्हणून २०१८ साली नीलचे शहीद द्वीप आणि शेजारच्या हॅवलॉकचे स्वराज द्वीप झाले.

बेट केवढे म्हणाल, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सायकलीने अर्ध्या-पाऊण तासात जावे एवढे. २०११ च्या जनगणनेत वस्ती तीन हजारांच्या आसपास. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६० च्या दशकात सरकारने इथे वसवले. त्या लोकांनी जंगल साफ करून शेती उभी केली, आणि गावांना नावे दिली सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. घरदार सोडून परमुलखात आलेल्या माणसांना वनवासातल्या मंडळींची आठवण व्हावी, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. आज हे बेट अंदमानचा भाजीमळा म्हणून ओळखले जाते. नील केंद्र या मधल्या बाजारात सकाळी ताज्या भाज्यांचे ढीग पाहून आम्हा चौघींचे हात पिशवीकडे गेले, आणि आपल्याला आज काहीच रांधायचे नाही हे लक्षात येऊन सगळ्या हसलो. जेवण बंगाली वळणाचे, डाळ, भात, भाजी, मासळी. शाकाहारी बाईचीही अडचण होत नाही.

असे लहान बेट निवडण्यात एक मोठा फायदा आहे. तिथे पाहण्यासारखी ठिकाणे चार-पाचच. सूर्योदयाला सीतापूरचा किनारा, पोहायला आणि प्रवाळ पाहायला भरतपूरचा, सूर्यास्ताला लक्ष्मणपूरचा, आणि समुद्राने खडक कोरून केलेली एक नैसर्गिक कमान, जिला तिथले बंगाली लोक कौतुकाने ‘हावडा ब्रिज’ म्हणतात. झाले, संपले. ‘अमके राहिले, तमके राहिले’ अशी हुरहूर लागायला जागाच नाही.

आता आखणी सांगते. एकूण पाच दिवस धरावेत. पहिल्या दिवशी चेन्नई किंवा कोलकत्याहून विमानाने पोर्ट ब्लेअर, ज्याचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. तिथे सेल्युलर जेल आहे. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात तिथे होते. मराठी माणसाने ते स्थान पाहिल्याशिवाय परतू नये. पण त्यासाठी अर्धा दिवस निराळा ठेवावा. त्या कोठड्या पाहून आलेल्या मनाला लगेच समुद्रात डुंबायला जा म्हणणे बरे नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने बेटावर. सरकारी बोटीला सुमारे दोन तास लागतात, खाजगी बोट त्याहून लवकर पोचवते. तिसरा दिवस सबंध मोकळा. चौथ्या दिवशी बोटीने परत शहरात मुक्काम आणि पाचव्या दिवशी विमान.

यातला शहरातला शेवटचा मुक्काम कोणाला वाया गेल्यासारखा वाटेल. पण तो गाळू नका. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, आणि बेटावर विमानतळ नाही. त्याच दिवशी विमान गाठायचे असले, म्हणजे आदल्या रात्रीपासून डोळा आभाळाकडे लागतो. ती एक रात्र म्हणजे निश्चिंतीचे मोल समजावे. मे ते सप्टेंबर हा तिथला मोठा पावसाळा, आणि परतीच्या वाऱ्यांचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. म्हणून डिसेंबर ते मार्च हे महिने उत्तम. बोटीची तिकिटे मात्र आधी काढून ठेवावीत, कारण याच दिवसांत गर्दी असते. आपल्याला वेगळा परवाना लागत नाही. ओळखपत्र जवळ असले म्हणजे झाले.

बेटावर पोचल्यावर घड्याळाचा हिशेब बदलतो. साऱ्या देशाची वेळ एकच, पण अंदमान आपल्यापासून पुष्कळ पूर्वेला. त्यामुळे डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य वर येतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतोसुद्धा. आपण इथे दुपारचा चहा पितो, तेव्हा तिथे सूर्यास्त पाहायला निघायचे असते. चारचा चहा आटोपून निवांत निघू म्हटले, तर अंधारच पदरी येतो.

दुसरे घड्याळ समुद्राचे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. कोकणात ज्यांचे माहेर आहे त्यांना तिथीच्या पाऊणकीचा हिशेब ठाऊक असेल. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, असे आपल्या आज्या बोटांवर सांगत. तो हिशेब आपल्या पश्चिम किनाऱ्याचा. अंदमानात तो तसाच लागू पडत नाही, म्हणून मुक्कामावर पोचताच पुढल्या दोन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्याव्यात. नैसर्गिक कमानीपाशी ओहोटीतच जाता येते, आणि वाट निसरड्या खडकांची आहे; ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुशाल झाडाखाली बसावे. भरतपूरला पोहायचे तर पाणी पुरेसे हवे, कारण ओहोटीत तिथले प्रवाळ उघडे पडते.

या प्रवाळाविषयी थोडे सांगते. ते दगडासारखे दिसते, पण लक्षावधी चिमुकल्या जिवांची ती वसाहत असते. त्यावर पाय दिला की ते जीव मरतात. समुद्र फार तापला तरी ते पांढरे पडतात. २०१० साली अंदमानात तसे मोठ्या प्रमाणावर झाले होते. तेव्हा पाहावे, पण त्यावर उभे राहू नये. आठवण म्हणून तुकडाही उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या सूचना वाचाव्यात, कारण अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. किनाऱ्यावर बारीक वाळूमाश्याही चावतात. सकाळ-संध्याकाळ अंगभर सुती कपडे घालावेत. नेहमीची औषधे बरोबर घ्यावीत, रोख पैसे जवळ ठेवावेत. बाकी सामान एका पिशवीत मावेल एवढेच, आणि ती पिशवी जिची तिने उचलावी.

हे झाले बाहेरचे. खरी अवघड आखणी आतली. माझी जाऊ अत्यंत कामसू. पहिल्या दुपारी तिने आम्हा चौघींचे टॉवेल घडी करून ठेवले, चपला ओळीने लावल्या, आणि खानावळीतल्या मुलाला डाळीत मीठ किती घालतोस असे विचारले. किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसवली, तर पाच मिनिटांनी म्हणाली, “वहिनी, आता काय करायचं?” मी म्हटले, “काही नाही.” तिला ते उत्तर काही केल्या पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती त्याच खुर्चीत गाढ झोपली. उठल्यावर तिने किती वाजले म्हणून विचारले, तर आमच्यापैकी एकीलाही सांगता येईना. इतक्या वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी, आजारी नसताना, आपण प्रथमच झोपलो, असे ती म्हणाली. मैत्रिणींनो, हे ऐकून मला हसू आले नाही.

म्हणून सांगते, निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, घरच्यांसाठी पाच दिवसांचे डबे भरून, त्यांवर चिठ्ठ्या लावून जाऊ नये. त्यासाठी आधीचे पाच दिवस आपण दुप्पट राबतो. मग बेटावरची विश्रांती ही नुसती त्या दमणुकीची भरपाई होते. घरात मोठी माणसे आहेत, त्यांना वरणभात करता येतो. येत नसेल तर शिकायला पाच दिवस पुरे आहेत. दुसरी, घरी दूरध्वनी दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. ‘जिऱ्याचा डबा कुठे आहे’ या प्रश्नाला बेटावरून उत्तर देऊ नये, डबा सापडतो. तिसरी, कुटुंबासह जाणार असाल तर कामे निघण्याआधी वाटून घ्यावीत. तिकिटे एकाकडे, औषधे दुसऱ्याकडे, मुलांचे कपडे तिसऱ्याकडे. आणि रोज दोन तास असे ठेवावेत, की त्या वेळात आईला कोणी काही विचारायचे नाही.

काहीजणी म्हणतील, इतक्या लांबचा खर्च कसा झेपणार? शंका रास्त आहे. ज्यांना आज जमत नाही त्यांनी जवळचा एखादा किनारा घ्यावा. मात्र रीत हीच ठेवावी. एकच मुक्काम, मोजकी ठिकाणे, हातात एक दिवस जास्तीचा, आणि बाईच्या माथी काम नाही. आपल्या मंडळाला माझी एक सूचना आहे. भिशीप्रमाणे एक ‘विसावा निधी’ सुरू करावा. दरमहा ज्याला जेवढे झेपेल तेवढे टाकावे, आणि वर्षातून चौघीजणींनी चिठ्ठीने जावे. ज्यांच्या घरी आजारी किंवा वृद्ध माणूस आहे, त्यांची चिठ्ठी निघाली तर मागे राहिलेल्यांनी पाच दिवस पाळीपाळीने त्यांच्या घरी लक्ष घालावे. पैशांपेक्षा याच अडचणीने आपल्यापैकी अधिकजणी घरी राहतात, आणि ती दूर करणे मंडळाच्या हातचे आहे.

कार्यकारिणीने या सूचनेचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.