मागच्या दारची खोली



आज घरातल्या जास्तीच्या खोलीविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे राहायलाच जागा पुरत नाही, जास्तीची खोली कुठली? पण गावात एक चक्कर मारा. मुले पुण्याला, संभाजीनगरला गेली. घरात दोन म्हातारी माणसे. मागच्या अंगाच्या दोन खोल्यांना कुलूप. आणि त्याच गावात नवी आलेली शिक्षिका खोली शोधत दारोदार फिरते आहे.

मेहकरकडे आम्ही अशाच एका घरी उतरलो होतो. घरधनीण एकटी. खोल्यांना वेगळे दार, वेगळे न्हाणीघर. आम्ही म्हणालो, "बाई, खोली भाड्याने का देत नाही?" त्या म्हणाल्या, "माणूस एकडाव घरात बसला, का मंग निघत नाही. माह्या सासऱ्याचं घर असंच गेलं."

ही भीती खोटी नव्हती. ती कुठून आली, ते सांगतो.

आपला बुलढाणा जिल्हा वऱ्हाडातला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते. महायुद्धानंतर घरांची फार टंचाई झाली. मालक मनाला येईल तसे भाडे वाढवत, भाडेकरूला बाहेर काढत. म्हणून १९४९ साली मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी घरभाडे नियंत्रणाचा हुकूम निघाला. भाडे नियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून मालकाला भाडेकरू काढता येईना. घर रिकामे झाले तर त्याची वर्दी सरकारला द्यावी लागे. गरीब भाडेकरूला त्याचा आधार झाला, हे खरे. पण मालक म्हणू लागला, घर देण्यापेक्षा कुलूप बरे. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला. हुकूम मात्र चालूच राहिला. तो गेला ३१ मार्च २००० रोजी. त्या दिवशी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला.

कायदा बदलून पंचवीस वर्षे उलटली. भीती तशीच राहिली आहे.

नव्या कायद्यात मालकासाठी एक वाट आहे. राहण्यासाठी ठरावीक मुदतीचा करार करायचा. त्याला लोक 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात. मुदत संपली की राहणाऱ्याने खोली सोडायची. नाही सोडली तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नेहमीच्या कोर्टात दावा लावून बसावे लागत नाही. जितके दिवस तो जास्त बसेल, तितक्या दिवसांचे पैसे दुप्पट दराने द्यावे लागतात. हे कलम २४.

पण करार पक्का हवा, आणि इथेच आपली माणसे फसतात. बॉण्डवर चार ओळी लिहायच्या, नोटरीचा शिक्का मारायचा, झाले! कोणीतरी सांगते, अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही. मंडळी, हे चूक आहे. कलम ५५ सांगते की करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तंटा झाला तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल तेच धरून चालतात. ते खोटे आहे हे मालकाने दाखवायचे.

मुद्रांक शुल्क भारी नाही. मुदतीतल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, अनामत घेतली असेल तर तिच्यावर थोडे जास्त. नोंदणीची फी वेगळी. हा कायदा ठरावीक शहरांना आणि गावांना लागू आहे. आपले गाव त्यात आहे का, हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारावे.

भाडेकरूनेही ऐकावे. भाडे दिले की पावती मागा. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. भांडण झाले म्हणून मालकाला नळ किंवा वीज तोडता येत नाही.

आता कोणी विचारील, खोली बांधायला सरकार पैसे देते का? काही देशांत देते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२४ साली घरमालकांना राहत्या घरात दुसरे बिऱ्हाड काढण्यासाठी अर्धा खर्च देऊ केला, ४०,००० डॉलरपर्यंत. म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर. अट अशी की पाच वर्षे बाजारापेक्षा कमी भाड्याने द्यायचे. अट पाळली की ते कर्ज माफ.

आपल्याकडे काही ठिकाणी उलटेच आहे. पुण्यात मालक स्वतः राहतो त्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्याने दिले की ती जाते. आम्हाला हे पटत नाही. कुलूप काढणाऱ्यालाच जास्त कर!

पाहुण्यांसाठी खोली काढणाऱ्याला मात्र आपल्या राज्यात आधार आहे. लोणारला सरोवर पाहायला परदेशातून लोक येतात. शेगावला वारकरी येतात, सिंदखेड राजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहायला येतात. अशा ठिकाणी राहत्या घरातल्या खोल्या पर्यटन विभागाच्या 'न्याहारी व निवास' योजनेत नोंदवता येतात. मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे. नोंदणी असली की विजेचा दर घरगुतीच लागतो, दुकानाचा नाही. घरपट्टीचे काय, ते नगर परिषदेत आधी विचारा. नवी खोली बांधणार असाल तर परवानगीही आधीच घ्या. बायांसाठी २०२३ सालचे 'आई' नावाचे धोरण आहे. पर्यटनाच्या धंद्यासाठी बाईने १५ लाखांपर्यंत कर्ज काढले आणि हप्ते वेळेवर भरले, तर १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज सरकार परत देते. सात वर्षे किंवा एकूण साडेचार लाख रुपये, जे आधी होईल तिथपर्यंत. मुद्दल आपणच फेडायचे, हे विसरू नका.

मेहकरकडच्या त्या बाईंनी हे सारे ऐकून घेतले. मग हळूच विचारले, "तिथं अंगठा चालते का सहीच लागते?" आम्ही सांगितले, तिथे शिकलेल्या माणसाचाही अंगठा यंत्रावर घेतात, त्याची लाज नको. पण करार वाचायचा तो तुम्ही.

महिन्याभराने शिक्षिका खोली पाहून गेली. मसुदा तयार होऊन आला. बाईंनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत वाचायला बसल्या. अर्धा तास लागला. तिसऱ्या कलमावर त्यांनी बोट ठेवले. करार सुरू होण्याची तारीख १ जून ठरली होती. कागदावर १ जुलै होती.