डोरेमॉनचं गुलाबी दार

डोरेमॉनचं ते गुलाबी दार तुमच्याही पोरांना पाठ असेल. दार उघडलं की नोबिता पाहिजे तिथं! ना एसटीची वाट, ना तिकीट, ना डबा.

आमचा गट शनिवार-रविवारी गडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरी विकतो. परवा लेक म्हणाली, "आई, फिरणारी माणसं वेगळीच असतात ना? आपण नुसत्या भाकरी थापायच्या." पोटात कालवलं. कार्टूनमध्ये फिरणारे दिसतात, त्यांना जेवू घालणारी बाई क्वचितच. पण सगळा दोष टीव्हीला कशाला? त्याच गडावर पोरींना आम्ही तरी कुठं नेलंय?

बैठकीत विषय काढला. एक रविवार चूल बंद ठेवून सगळ्यांनी वर जायचं, असं मी म्हटलं. रविवारच्या कमाईवरून अजून वाद चालू आहे. लेकीनं मात्र डबा काढून ठेवलाय.