डोकं वाटणारा सुपरहिरो

भुकेल्याला स्वतःचं डोकं तोडून खाऊ घालणारा सुपरहिरो ऐकलाय? जपानचा आन्पानमान! डोकं पावाचं, आत अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण. तुकडा दिला की याचं बळ ओसरतं. मग बेकर जॅमकाका भट्टीतलं ताजं डोकं बसवतात. निर्माते ताकाशी यानासे दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते, भूक सोसलेले. १९७३ साली चित्रपुस्तक आलं तेव्हा मोठ्यांनी नाकं मुरडली. बालवाडीतल्या पोरांनी मात्र ते डोक्यावर घेतलं. १९८८ पासून टीव्हीवर कार्टून सुरू आहे. खलनायक बायकिनमान हा चक्क जंतू. पावाचा वैरी दुसरा कोण असणार? २०११च्या भूकंपानंतर जपानी रेडिओवर या मालिकेच्या शीर्षकगीताची फर्माईश सारखी येत होती.