दाढ पाहिली, तोंड पाहिले का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चालक भगिनींनी मला ‘दातांची निगा’ हा विषय सुचविला होता. पण दात कसे घासावेत हे आपण आपल्या मुलांना माझ्यापेक्षा चांगले शिकविता. म्हणून मी आज दातांच्या आजूबाजूला जे असते त्याविषयी बोलणार आहे, आणि आरंभी माझीच एक चूक सांगणार आहे.

माझा दवाखाना नवीन होता तेव्हाची गोष्ट. पन्नाशीच्या एक बाई दाढ दुखते म्हणून आल्या. मी दाढ काढली, औषध लिहून दिले. डाव्या गालाच्या आत, हिरडीलगत, एक पांढरट चट्टा मला दिसला होता. “मिश्री लावता का?” असे मी विचारले. त्या पदर तोंडाला लावून नुसत्या हसल्या. बाहेर माणसे खोळंबली होती. “सोडा हो ती,” एवढे म्हणून मी पुढच्यांना आत बोलाविले. दीड वर्षाने त्या परत आल्या तेव्हा चट्ट्याच्या जागी जखम होती आणि मानेत गाठ. शस्त्रक्रियेत अर्धा जबडा गेला. पुढे बाईही फार दिवस राहिल्या नाहीत. त्या चट्ट्याची पुढची तपासणी करविणे माझे काम होते, ते मी केले नाही. तेव्हापासून माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाचे तोंड मी पुरते पाहते.

ही तपासणी म्हणजे काही मोठा खटाटोप नव्हे. दिवा, लहान आरसा आणि हातमोजे एवढे साहित्य पुरते. ओठ, दोन्ही गालांचा आतला भाग, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा पाहायची आणि मान चाचपायची. पाच मिनिटेही लागत नाहीत आणि दुखत तर मुळीच नाही. शंका आली तरच बारीकसा तुकडा काढून तपासणीस पाठवितात. प्रत्येक चट्टा कर्करोगाचा नसतो, हेही ध्यानात ठेवा.

आता मिश्रीविषयी स्पष्टच बोलते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि सकाळी उठल्याबरोबर दातांना लावायची, हा प्रघात आपल्या महाराष्ट्रात कित्येक घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. दाढदुखी थांबते, पोट साफ होते, अशी समजूत सासूकडून सुनेकडे येते. गर्भारपणीही ती सुटत नाही. पण दात घासण्यापुरती मिश्री दिवसातून चार-पाच वेळा लागू लागली की ती तलफ झाली, औषध नव्हे. आणि ज्या सुपारीला आपण निरुपद्रवी समजतो, तीही तशी नाही. नुसती सुपारीदेखील, तंबाखूवाचून, कर्करोगास कारण होते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी आपल्या मुलांच्या खिशांवर लक्ष ठेवणे सुटलेले नाही.

“पाहून काय उपयोग? व्हायचे ते होणारच,” असे पुष्कळजणी म्हणतात. त्यांना केरळचे उदाहरण देते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात शिकविलेल्या आरोग्यसेवकांनी पस्तीस वर्षांवरील हजारो लोकांची तोंडे नुसती डोळ्यांनी तपासली. त्याचा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा मद्याची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले होते. म्हणून ज्यांना सवय आहे त्यांनी आधी यावे. लपून राहणारीला धोका अधिक. आपल्या सरकारी कार्यक्रमातही तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांची मुखतपासणी ठरलेली आहे. आशाताई विचारावयास आल्या तर दार लावू नका.

घरीही महिन्यातून एकदा, उजेडात आरसा धरून पाहावे. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कारणावाचून हलणारा दात, गिळताना अडचण, मानेत गाठ, यांपैकी काही आढळले तर थांबू नये. तिखट झोंबू लागले, किंवा उभी तीन बोटे तोंडात मावेनाशी झाली, तरीही दाखवावे. दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. आरंभी बहुधा दुखतच नाही. माझ्या त्या बाईंचा चट्टाही दुखत नव्हता, दुखत होती ती दाढ.

दंतवैद्याकडे गेलात की आपण होऊन सांगा, “डॉक्टर, सगळे तोंड पाहा.” मिश्री लावत असाल तर तेही सांगा. आम्ही रागावलो तर तो आमचा दोष. रागावल्याने बाई लपते आणि रोग वाढतो, हे मी महाग किंमत देऊन शिकले. आणि ती किंमत माझी नव्हती, त्या बाईंची होती.

शेवटी एक विनंती. पुढल्या महिन्यातील सभेच्या दिवशी मी आरसा आणि दिवा घेऊन एक तास लवकर येईन. आतल्या खोलीत, पडद्याआड, एकेकीने यावे. कोणाचे नाव कोणाला कळणार नाही. येताना घरच्या सासूबाईंना आणि आपल्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईंनाही बरोबर आणावे. आधी त्यांना पाहीन, मग आपल्याला.