सोडणं आणि पोचवणं

जुन्नर-आंबेगावचं नाव काढलं की आता लोकांना आधी बिबट्याच आठवतो. मी आज कासवाबद्दल बोलणार आहे. बिबट्या वाटेत भेटेलच.

देवळातलं दगडी कासव आपण सगळ्यांनी पाहिलंय. जिवंत कासव मात्र अलीकडे घराघरांत, टबात आणि पलंगाखाली जाऊन बसलंय. ते असलं की पैसा टिकतो, म्हणे. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं तारांकित कासव पाळणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. हे कुणीतरी कानावर घालतं, घरातले घाबरतात आणि अंधार पडल्यावर पिशवीतून ते कासव कुकडीत, मीनेत नाहीतर विहिरीत सोडून येतात. कुणाला वाटतं पुण्य लागलं, आमच्याकडे म्हणतात सवाब मिळाला.

पण तारांकित कासव जमिनीवरचं आहे. खोल पाण्यात ते बुडून मरतं. बाजारात मिळणारं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं कासव पोहतं खरं, पण ते अमेरिकेचं. ते आमच्या नद्या-तळ्यांत वाढलं, तर इथल्या कासवांच्या तोंडचा घास आणि उन्हाला बसायची जागाही घेतं. लीथचं मऊ पाठीचं कासव १८७२ साली जगाला माहीत झालं ते पुण्याच्या नमुन्यांवरून. आज ते नामशेष होण्याच्या काठावर आहे.

दुसरी गोष्ट स्वभावाची. कासव म्हणजे चालता दगड, असं आपण समजतो. ज्यानं दोन कासवं सांभाळलीत त्याला विचारा. एक पावलं ओळखून पुढं येतं, दुसरं सावली पडली तरी मान आत घेतं. अमेरिकेतल्या मोजावे वाळवंटात कासवांना दुसरीकडे हलवताना अभ्यासकांनी त्यांचे स्वभावही तपासले. तो अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. तिकडच्याच गोफर जातीच्या कासवांना नव्या जागी आधी काही महिने कुंपणात ठेवलं, मग कुंपण काढलं. तेव्हा ती भरकटण्याचं प्रमाण कमी झालं. जागेची ओळख व्हायला वेळ लागतो.

ही गोष्ट जुन्नरनं फार महाग किंमत देऊन शिकली आहे. २००१ ते २००३ या काळात पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये हिशेब मांडला : २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडले आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७वर गेले. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९मध्ये काढलेल्या ‘आजोबा’ला माळशेजला सोडलं, तर तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात गेला. कुठं जायचं ते त्यानं आपल्या मनानं ठरवलं.

आंबेगावकरांना हे जास्त समजावून सांगायला नको. जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव उरलं, गाव उरलं नाही. दुसरीकडे जागा मिळाली म्हणजे घर मिळालं, असं होत नाही, हे तिथल्या म्हाताऱ्यांइतकं कोण जाणतं?

म्हणून विनंती एवढीच. कासव विकत घेऊ नका. घरात असेल तर रात्रीतून नदीवर नेऊ नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. ते कोणत्या जातीचं, कुठल्या मुलखातलं, आजारी आहे का, त्याचा स्वभाव कसा, हे जाणकारांना पाहू द्या. परदेशातलं असेल तर त्याला इथं जंगलच नाही. त्याला जन्मभर सांभाळावंच लागेल. आणि ही कासवं पुष्कळ वर्षं जगतात. घरात आणण्याआधीच हा हिशेब केलेला बरा.